शेतातल्या आखाड्यावरची अर्थिंग: न्यूट्रल वेगळा, अर्थ वेगळा

डीपीवर ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, ते सिस्टिम अर्थिंग. मोटर, स्टार्टरची पेटी, कूलर यांच्या लोखंडी बॉडीपासून खड्ड्यात जाते ते इक्विपमेंट अर्थिंग. न्यूट्रलमधून करंट रोज परततो, अर्थच्या तारेतून फक्त बिघाड झाल्यावर. सर्किट बोर्डावरचा ‘ग्राउंड’ मात्र नुसता शून्य व्होल्ट धरलेला बिंदू. टॉर्चमधल्या सर्किटला जमिनीशी काही देणेघेणे नसते.

घोळ होतो तो पहिल्या दोघांत. बॉडी न्यूट्रलला बांधली आणि पुढे न्यूट्रल तुटला, की चालू उपकरणातून फिरून २३० व्होल्ट थेट बॉडीवर येतात. एक फेज आणि अर्थिंगवर बल्ब लावण्याची खोड तर त्याहून वाईट. अर्थिंगच्या खुंटीभोवतालची जमीनच भारित होते, आणि पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त म्हणून बैलाला माणसाआधी झटका बसतो.

खड्डा घरापासून किमान दीड मीटर दूर घ्या. सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब, भोके पाडलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा करा. भोवती कोळसा आणि खडे मीठ यांचे आलटूनपालटून थर द्या. वर पाणी ओतायला नरसाळे ठेवा. मीठ पाण्याबरोबर वाहून जाते आणि पाइपही खाते, म्हणून जमत असेल तर बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. आपली काळी माती ओली असताना उत्तम, पण उन्हाळ्यात भेगाळून पाइपपासून सुटते. खाली लगेच खडक लागला तर पट्टी आडवी, लांब चरात पुरा.

आता हिशेब. खड्ड्याचा रोध १५ ओहम असेल तर २३० व्होल्टला जेमतेम १५ अँपिअर वाहतात. १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पडणार नाही आणि बॉडी तशीच जिवंत राहील. त्यामुळे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच: घराला दोन पोलची, थ्री फेज मोटरला चार पोलची. तिच्या पुढे, म्हणजे उपकरणांच्या बाजूला, न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना कुठेही जोडू नका, नाहीतर ती विनाकारण पडत राहते.

रोध अर्थ टेस्टरने मे महिन्यात मोजा. खड्ड्याची तार सोडवण्याआधी पुरवठा बंद करा. खड्ड्यापासून एकाच रेषेत टेस्टरची एक खुंटी ३० मीटरवर, दुसरी साधारण १८ मीटरवर ठोका. आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचे, पण त्याने फक्त आरसीसीबी तपासली जाते. गंजलेला लग (तारेच्या टोकाचा जोड) किंवा तुटलेली अर्थची तार त्यात दिसत नाही.