कॉम्प्युटर अपग्रेड केला आणि सिनेमा दिसेना? या चुका टाळा

नवा मदरबोर्ड बसला, नवा प्रोसेसर आला, रॅम दुप्पट झाली. विंडोज झटक्यात सुरू होतं, गेम सुरळीत चालतात. पण कालपर्यंत चालणारी, पैसे मोजून घेतलेली डिस्क आज एरर दाखवते, नाहीतर फक्त आवाज येतो आणि पडदा काळा. अशा वेळी संशय आधी ग्राफिक्स कार्डावर जातो आणि मग दुकानदारावर. पुष्कळदा पार्ट सगळे धड असतात. नक्कल होऊ नये म्हणून सिनेमाला घातलेलं कुलूप नव्या मशीनवर उघडत नाही, म्हणून हे होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नव्या मशीनवर जुनं सगळं चालणारच, असं धरून चालणं. ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रेवाल्यांना याचा चांगलाच फटका बसला आहे. ही डिस्क पीसीवर पॉवरडीव्हीडीसारख्या अधिकृत प्लेअरवर पाहायची तर इंटेलचं एसजीएक्स लागतं. यात प्रोसेसर मेमरीचा एक कप्पा असा बंद ठेवतो, की खुद्द विंडोजलाही त्यात डोकावता येत नाही. डिस्कच्या किल्ल्या त्या कप्प्यात हाताळल्या जातात. इंटेलने ही सोय २०१५ मध्ये सहाव्या पिढीपासून दिली आणि डेस्कटॉपच्या अकराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली. सहाव्या पिढीत एसजीएक्स असलं तरी या डिस्क चालतात त्या फक्त सातव्या ते दहाव्या पिढीवर. सातव्या पिढीचा आय-५ काढून बाराव्या पिढीचा आय-७ बसवलात, तर मशीन कितीतरी वेगवान होईल, पण तुमचा ४के डिस्कचा संग्रह त्यावर चालणार नाही. एएमडी रायझनवरही तीच गत. ड्रायव्हर बदला, विंडोज पुन्हा टाका, काही उपयोग नाही. प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्यालाच हे सोसावं लागतं, आणि हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

म्हणून असा संग्रह असेल तर जुना पीसी एक्स्चेंजमध्ये देऊ नका. तो डिस्कसाठी बाजूला ठेवा, किंवा टीव्हीला जोडायचा वेगळा अल्ट्रा एचडी प्लेअर घ्या. जुन्या पीसीवर विंडोज ११ किंवा इंटेलचे नवे ड्रायव्हर टाकायचा मोहही आवरा. पॉवरडीव्हीडी बनवणाऱ्या सायबरलिंकचाच तसा सल्ला आहे.

प्रोसेसर योग्य पिढीचा असूनही अडत असेल तर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डचा सेटिंगचा भाग, उघडा. बायोस अपडेट झालं किंवा मदरबोर्डवरचा सेल बदलला की सेटिंग मूळपदावर जातात आणि एसजीएक्सचा पर्याय ‘एनेबल्ड’ राहत नाही. तो पुन्हा चालू करा. दुसरं, केबल कुठे लावली आहे ते बघा. या डिस्कसाठी प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स लागतं, म्हणजे मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला हवी. नवं ग्राफिक्स कार्ड घातलं की आपण सवयीने केबल त्याला लावतो, आणि घोटाळा तिथेच होतो. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये तर आतलं ग्राफिक्सच नसतं. थोडे पैसे वाचतात म्हणून तो घेण्याआधी विचार करा.

आता स्ट्रीमिंग. इथे एचडीसीपी नावाची साखळी आड येते. केबलमधून जाणाऱ्या चित्राची नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं हे कुलूप. ग्राफिक्सपासून पडद्यापर्यंत मध्ये जे जे येतं, म्हणजे स्प्लिटर, एव्ही रिसीव्हर, केव्हीएम स्विच, अॅडॅप्टर, त्या सगळ्यांना एचडीसीपी समजावं लागतं. ४के साठी तर २.२ ही आवृत्ती हवी. नेटफ्लिक्सची अट आणखी कडक आहे: पीसीला दोन मॉनिटर जोडलेले असतील तर दोन्ही त्या दर्जाचे पाहिजेत. नव्या ४के मॉनिटरशेजारी जुना मॉनिटर तसाच ठेवला, की ४के मिळत नाही आणि माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो. तपासणी सोपी आहे. मधली सगळी उपकरणं काढा, एकच मॉनिटर ठेवा, एकच केबल थेट लावा. चित्र आलं, तर एकेक वस्तू परत जोडत जा. जिच्यानंतर चित्र गेलं, ती दोषी.

डीव्हीडी ड्राइव्ह बदलला असेल तर रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणारा आकडा, बघा. भारत रीजन ५ मध्ये येतो, अमेरिका १ मध्ये. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली डिस्क लावली की ड्राइव्ह विचारतो, रीजन बदलू का? न वाचता ‘ओके’ दाबू नका. हा बदल फक्त पाच वेळा करता येतो, मग शेवटचा रीजन कायमचा. ही मोजणी ड्राइव्हच्या आत राहते, त्यामुळे विंडोज फॉरमॅट करून ती शून्यावर येत नाही.

‘सगळी कुलपं तोडणारं’ फुकट सॉफ्टवेअर कुठूनही उतरवू नका. त्यातून व्हायरस येण्याचा धोका आहेच. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए आलं आहे. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आयट्यून्सवर सिनेमे विकत घेतले असतील, तर पार्ट बदलण्याआधी तो कॉम्प्युटर ‘डीऑथराइझ’ करा, म्हणजे खात्याच्या यादीतून काढा. एका खात्यावर पाचच कॉम्प्युटर चालतात, आणि रॅम किंवा हार्ड डिस्क बदलल्यावर तोच पीसी दुसरी जागाही अडवू शकतो. राहून गेलं असेल तर खात्यात जाऊन सगळे कॉम्प्युटर एकदम काढता येतात, पण ही सोय वर्षातून एकदाच मिळते.