नोकरी सांभाळून फायनान्सचं मास्टर्स करताय? या चुका टाळा

पहिल्याच सत्रात माझा फायनान्शियल मॅनेजमेंटचा पेपर गेला. तेव्हा नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला सहा वर्षं झाली होती. झोपेतून उठवलं तरी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर मारेन, असा रुबाब होता. वर्गात सरांनी घसारा (यंत्राच्या किमतीतली दरवर्षीची घट) म्हटलं की मनात यायचं, हे तर आपण दर मार्चला करतो. तो रुबाबच नडला. नोकरीनं मला दोन गोष्टी दिल्या होत्या, हिशेबाच्या सवयी आणि तारखांचं वेळापत्रक. दोन्हींनी घात केला, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून संध्याकाळी पुस्तक उघडणाऱ्या बहुतेकांचा तसाच होताना बघतोय.

दोन कॅलेंडरं वेगवेगळ्या भिंतींवर

अकाउंट्सवाल्याचा महिना ठरलेला असतो. ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापून ठेवलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, २० ला कर भरण्याचं ३बी. वर्षाचंही तसंच. मार्चअखेर, मग एप्रिलमध्ये ऑडिटरच्या शंका, आणि ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची मूळ मुदत. आता विद्यापीठाकडे बघा. हिवाळी परीक्षा साधारण दिवाळीच्या मागेपुढे, उन्हाळी एप्रिल ते जून. म्हणजे अभ्यासाचे शेवटचे सहा आठवडे आणि कामाचे सगळ्यांत वाईट सहा आठवडे एकमेकांच्या बोकांडी बसलेले. पिंपळगाव किंवा दिंडोरीकडे द्राक्ष निर्यातदाराकडे नोकरी असेल तर आणखी गंमत, कारण हंगाम जानेवारी ते एप्रिल. पॅकहाउस रात्री अकरापर्यंत चालू असताना पोर्टफोलिओ थिअरी डोक्यात शिरत नाही.

प्रवेशाच्या दिवशी हे कुणी मांडत नाही. मीही मांडलं नव्हतं. एका कागदावर डावीकडे ऑफिसच्या तारखा, उजवीकडे परीक्षा अर्ज, असाइनमेंट आणि अंतर्गत गुणांच्या तारखा लिहा. जिथे टक्कर दिसते तिथला अभ्यास दोन महिने आधी ओढायचा. हिवाळी सत्राच्या गणिताच्या पेपरांचा अभ्यास ऑगस्टअखेर संपवायचा, सप्टेंबरात फक्त थिअरी ठेवायची.

तासांचा हिशेबही एकदा करून बघा. १ क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम. २० क्रेडिटचं सत्र धरलं तर ६०० तास. २६ आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला २३. मला कधीच तेरा-चौदाच्या वर जमले नाहीत, आणि ज्यांना जमतात म्हणे, त्यांच्या घरचं कुणी कधी भेटलेलं नाही. म्हणून सगळे विषय सारखे वाचायचे नाहीत. ज्यात हात बसावा लागतो त्यांना तास द्यायचे, बाकीचं वाचून निभतं.

ऑफिसच्या सवयीनं गणित सोडवणं

इथे जरा थांबतो, कारण मार्क इथेच सांडतात.

पुस्तकं लिहिणाऱ्याचा हात खर्च दिसला की वजाबाकीकडे जातो. भांडवली प्रस्तावाच्या, म्हणजे यंत्रात पैसे घालणं परवडतं का या गणितात मी कर्जाचं व्याजही कॅशफ्लोतून (येणाऱ्या-जाणाऱ्या पैशांतून) वजा केलं होतं. चुकलं. व्याज हा भांडवलाच्या खर्चाचा भाग आहे आणि तो डिस्काउंट रेटमध्ये, म्हणजे पुढच्या पैशांची आजची किंमत काढायच्या दरात, आधीच धरलेला असतो. परत वजा केलं की एकच खर्च दोनदा मोजला जातो. घसाऱ्याचं उलटं. नफा काढताना तो वजा करायचा, कारण त्यानं कर वाचतो. पण खिशातून पैसा जात नाही म्हणून कर काढून झाल्यावर तो परत मिळवायचा. अनुभवी माणसं ही दुसरी पायरी विसरतात, नवखी पोरं विसरत नाहीत, कारण त्यांनी ती पाठ केलेली असते. सल्लागाराला आधीच देऊन झालेली फी गणितात धरायची नाही, मग ती लेजरमध्ये कितीही ठळक दिसो. आणि वर्किंग कॅपिटल (रोजच्या धंद्यात अडकलेला पैसा) वाढलं तर तो पैसा सुरुवातीला बाहेर जातो, शेवटच्या वर्षी परत येतो. तो परत आणायला मी दोन परीक्षांत विसरलो.

दुसरी चूक एक्सेलची. एनपीव्हीचं (पुढच्या रकमांची आजची किंमत वजा गुंतवणूक, याचं) फंक्शन पहिली रक्कम पहिल्या वर्षाच्या शेवटी आली असं समजतं. आज गुंतवलेले पैसे त्याच रांगेत घातले तर तेही एक वर्ष पुढे ढकलले जातात. समजा, कोल्ड स्टोरेजच्या यंत्रात १० लाख घातले, तीन वर्षं दरवर्षी ४.२ लाख मिळाले, दर १० टक्के. बरोबर उत्तर ४४,४७८ रुपये. सगळी रांग फंक्शनमध्ये घातली तर ४०,४३४. चिन्ह बदलत नाही म्हणून चूक लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे: फंक्शनमध्ये फक्त पहिल्या ते तिसऱ्या वर्षाच्या रकमा द्या आणि १० लाख बाहेरून वजा करा. पडताळा हवा असेल तर चुकीच्या उत्तराला १.१ नं गुणा, बरोबर उत्तर येतं.

परीक्षेत एक्सेल नसतो, तिथे दुकानदाराचा साधा कॅल्क्युलेटर पुरतो. १ भागिले १.१ दाबून बरोबरचं बटण तीनदा दाबा, तिन्ही वर्षांचे फॅक्टर एकामागून एक येतात. मग जीटी हे एकूण बेरजेचं बटण दाबलं की बेरीज २.४८६९. काही मॉडेलांवर आधी १.१, मग भागाकाराचं चिन्ह दोनदा आणि मग १ दाबावा लागतो. सीएच्या पोरांना हे पाठ असतं. आम्हा नोकरदारांना कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय. नवा कॅल्क्युलेटर परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र घेऊ नका.

प्रवेश घेताना जाहिरात वाचणं

नाशिकमध्ये पर्याय आहेत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथेच, गंगापूर धरणाच्या रस्त्याला आहे. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं आहेत. शिवाय देशभरातल्या विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. गडबड होते ती कॉलेज रोडवरच्या फलकांनी आणि फोनवरच्या गोड आवाजांनी. '१० दिवसांत एमबीए'सारख्या जाहिरातींविरुद्ध २०२४ मध्ये यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) सूचना काढावी लागली होती, एवढ्यावरून ओळखा. हातात पडणार ती पदवी की सर्टिफिकेट, हे लेखी विचारा. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर त्या विद्यापीठाला, त्याच विषयाला आणि त्याच वर्षासाठी मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. फ्रँचायझी देऊन दूरशिक्षण चालवायला नियमात मनाई आहे, तेव्हा 'आम्ही त्यांची फ्रँचायझी' असं कुणी अभिमानानं सांगितलं तर चहा पिऊन उठा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते नाव. दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला आता एबीसी (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या खात्याचा) आणि डीईबी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा) आयडी लागतात, आणि आधारवर लग्नानंतरचं नाव, बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं, असं असलं की फॉर्म पुढे सरकत नाही. प्रवेश सुरू होण्याआधी महिनाभर हे निस्तरा. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर खात्याची परवानगी आधी घ्या, पदवी मिळाल्यावर नव्हे. नाहीतर सेवापुस्तकात नोंद करताना साहेब विचारतात आणि आपण खिडकीबाहेर बघतो.

फीबद्दल एकच. स्वतःच्या फीवर आयकराच्या ८०सी कलमाची वजावट मिळत नाही. ती ट्यूशन फीची सवलत मुलांच्या शिक्षणासाठी होती. स्वतःच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजाला ८०ई होतं, तेही जुन्या करप्रणालीत. फायनान्सचा विद्यार्थी हे चुकीचं भरतो तेव्हा ऑफिसात वर्षभर चेष्टा होते. अनुभवाचे बोल.

रविवारच्या भरवशावर राहणं

'रविवारी करू' हा या शहरातला मोठा गैरसमज. रविवारी सकाळी मिसळ, दुपारी कुणाचं तरी साखरपुड्याचं जेवण, संध्याकाळी सोमवारची धास्ती. माझा अभ्यास झाला तो पहाटे पाच ते साडेसहा, आणि ऑफिस सुटल्यावर घरी न जाता गाठलेल्या अभ्यासिकेत. एकदा घरात पाऊल टाकलं की संपलं. नाशिकरोडला राहून गंगापूर रोडच्या वर्गाला जाणाऱ्यानं द्वारका चौकातला खोळंबा गृहीत धरूनच वर्ग निवडावा. पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबई गाठणाऱ्या एका मित्राचा अनुभव असा, की गाडीत थिअरी होते, गणित होत नाही, आणि कसारा घाटात रेंज जाते म्हणून व्हिडिओ आदल्या रात्रीच उतरवून ठेवावे.

प्रोजेक्टला कंपनीचा डेटा

आपल्याच कंपनीचा ताळेबंद हाताशी आहे म्हणून तोच उचलायचा मोह होतो. लेखी परवानगी नसेल तर उचलू नका. नुसतं नाव बदलून 'एबीसी लिमिटेड' केल्यानं काही झाकलं जात नाही, ग्राहकांची यादी वाचणाऱ्याला कारखाना ओळखू येतोच. लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल बीएसई-एनएसई या शेअर बाजारांच्या साइटवर फुकट मिळतात. आणि मागच्या बॅचचा प्रोजेक्ट विकत घेऊन नाव बदलणाऱ्यांना एवढंच सांगतो, तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न 'हा विषय का निवडला' हाच येतो.

पेपर गेला तर

निकाल बघून मी चार दिवस कुणाशी बोललो नाही, आणि तेवढ्यात उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीच्या अर्जाचे दिवस संपत आले. ही चूक करू नका. त्या अर्जाची मुदत थोडी असते आणि पुनर्मूल्यांकनाची वाट बऱ्याचदा त्यातूनच जाते. मी शेवटच्या दिवशी अर्ज केला. उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा दिसलं, बेरजेत काही चुकलं नव्हतं, गणितात पानापानावर व्याज वजा केलेलं होतं. पुनर्मूल्यांकनाचे पैसे वाचवले, ती छायाप्रत टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि पुढच्या वेळी तोच पेपर ६१ मार्कांनी काढला. छायाप्रत अजून तिथेच आहे. नवीन मुलगा अकाउंट्सला रुजू झाला आणि मास्टर्सचं विचारू लागला, की आधी तीच काढून दाखवतो.