जुन्या गाडीचे इंजिन तापत असेल तर दोष कसा शोधावा

पंधरा-वीस वर्षे वापरलेली गाडी सायनच्या कोंडीत तापू लागली की बहुतेक गॅरेजांत पहिला सल्ला मिळतो तो रेडिएटर (इंजिनाचे तापलेले पाणी हवेने थंड करणारी जाळी) उतरवून साफ करण्याचा, आणि त्याने भागले नाही तर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकण्याचा. या दोन्ही कामांना हात घालण्यापूर्वी तापमानाचा काटा नेमका केव्हा चढतो, हे चार दिवस पाहून कागदावर लिहून काढावे. गाडी रांगेत उभी असताना, वेगात असताना, चढावर, एसी लावल्यावर, की सुरू केल्यापासून पाच-दहा मिनिटांतच? अर्धे निदान या नोंदींतच होते.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर खोळंबलेले असताना काटा चढत असेल आणि पूर्व द्रुतगती मार्गावर ठाण्याकडे निघाल्यावर तो आपोआप खाली येत असेल, तर पाण्याच्या अभिसरणापेक्षा हवेवर संशय घ्यावा. कारण गाडी पळत असताना पंख्याचे काम समोरचा वारा करतो. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत पंखा पट्ट्यावर फिरतो, तेव्हा पट्टा सैल किंवा गुळगुळीत झाला आहे का, एवढे पाहिले तरी पुरते. मारुती ८०० सारख्या गाडीत पंखा विजेवर चालतो आणि पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की थर्मोस्विच तो सुरू करतो. पंख्याचा जोड काढून बॅटरीतून थेट वीज द्यावी. पंखा फिरला तर मोटर ठीक आहे. मग फ्यूज आणि रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच) तपासून, दोन पिनांच्या थर्मोस्विचचा जोड काढावा आणि चावी चालू ठेवून जोडातील दोन टोके वायरने जुळवावीत. आता पंखा फिरत असेल, तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या पिनांत आहे. हे करताना बोटे पात्यांपासून दूर ठेवावीत. माझ्या १९९८ च्या मारुतीचा रेडिएटर मी एका गॅरेजमध्ये दोनदा साफ करून घेतला होता. शेवटी दोष सापडला तो या पिनांवर चढलेल्या हिरव्या थरात. माहीमच्या खाऱ्या हवेत रात्रंदिवस उभ्या असलेल्या गाडीचे जोड सर्वांत आधी उघडून पाहायला हवे होते, हे शहाणपण दोन बिले भरल्यावर आले.

याउलट शहरात गाडी शांत असेल आणि खंडाळ्याचा घाट चढताना किंवा ८० च्या वेगात तापत असेल, तर पाणी पुरेसे फिरत नाही असे समजावे. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने बुजलेल्या असतात, वॉटर पंपाची पाती गंजून झिजलेली असतात, किंवा खालचा होज पाइप मऊ पडून ओढीने चपटा होतो. शेवटचा दोष उभ्या गाडीतही दिसतो: एकाने ॲक्सिलरेटर दाबावा आणि दुसऱ्याने पाइपकडे पाहावे. तांब्या-पितळेचा रेडिएटर उघडून, नळ्यांत सळई घालून साफ करता येतो. प्लास्टिकच्या टाक्यांचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर मात्र बदललेलाच बरा. महापालिकेचे पाणी तलावांचे असते, पण सोसायटीतील बोअरवेलचे पाणी रेडिएटरमध्ये कधीही ओतू नये; कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) डिस्टिल्ड पाणीच मिसळावे.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच इंजिन तापत असेल आणि इंजिन कढत असूनही रेडिएटर थंडच असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असण्याची शक्यता मोठी. तो काढून पातेल्यातील पाण्यात दोरीने टांगावा आणि पाणी तापवत न्यावे. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या, म्हणजे बहुधा ८२ किंवा ८८ अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळण्यापूर्वी पूर्ण उघडला पाहिजे. तो कायमचा काढून टाकण्याची पद्धत मला मान्य नाही: इंजिन थंडच चालते, पेट्रोल जास्त जाते आणि मूळ दोष झाकला जातो.

रेडिएटरच्या झाकणाकडे सहसा कोणी पाहत नाही. दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो दाबाचे झाकण धड असेल तर साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर चिरले की तेच पाणी १०० अंशांना उकळते. वस्तू स्वस्त आहे, संशय आला तरी बदलावी. मात्र इंजिन तापलेले असताना झाकणाला हात लावू नये, कारण दाब सुटताच उकळते पाणी थेट तोंडावर उडते. रस्त्यात काटा चढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण उघडावा, गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण निवेपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

कुठेही गळती दिसत नसताना पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा (हेड आणि त्याखालचे इंजिन यांमधील सीलचा) विचार करावा. सकाळी थंड इंजिनाचे झाकण काढून गाडी सुरू करावी. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून सुरू केल्यावर मिनिटभरातच होज पाइप दगडासारखा घट्ट झाला, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे. डिपस्टिकवरील (ऑइलची पातळी पाहायच्या सळईवरील) ऑइल दुधाळ चहासारखे दिसले, तर पाणी ऑइलमध्ये गेले आहे आणि गाडी टो करूनच न्यावी. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस नुसत्या दमटपणानेही जमतो, तेव्हा डिपस्टिक पाहिल्याशिवाय इंजिन उघडायला देऊ नये. गॅस्केट खरोखरच गेली असेल, तर हेड वाकले आहे का, हे सरळ पट्टी ठेवून तपासून घेतल्याखेरीज नवी गॅस्केट बसवू देऊ नये.

कोणतीही दुरुस्ती झाल्यावर पाणी भरताना अडकलेली हवा काढावी: इंजिन थंड असताना गाडीचे नाक चढावर ठेवून, हीटर उघडून, झाकण काढून इंजिन चालवावे आणि पातळी उतरेल तसे पाणी भरावे. त्यानंतर ज्या परिस्थितीत काटा चढत होता, नेमक्या त्याच रस्त्यावर आणि त्याच वेळी गाडी नेऊन पाहावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात पातळी पुन्हा तपासावी.