अमायलेज, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा साका

सांगलीत एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी लाळेतल्या अमायलेजवर (स्टार्च फोडणारं एन्झाइम) धातूंच्या आयनांचा परिणाम हा विषय घेतला. वाटलं, सोपं आहे. क्षार बदलायचे, डीएनएसए (स्टार्चपासून सुटलेल्या साखरेशी रंग देणारं रसायन) घालून उकळायचं, ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. दोन महिने पाण्यात गेले.

सिनिअरच्या वहीतला प्रोटोकॉल जसाच्या तसा उतरवला होता. फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), २० मिलिमोलर, पीएच ६.९. कॅल्शियम क्लोराईड वाढवलं की रीडिंगही वाढायचं, ग्राफ देखणा यायचा. एका संध्याकाळी ट्यूब खिडकीशी धरली तर तळाला पिठूळ पांढरा साका. कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की कॅल्शियम फॉस्फेट खाली बसतं, डीएनएसए अल्कधर्मी असल्याने त्यात तर जास्तच. म्हणजे एन्झाइमच्या वाट्याला किती कॅल्शियम आलं ते कळायला मार्ग नाही, आणि मशीन रंगासोबत गढूळपणाही मोजत होतं. माझ्या ब्लँकमध्ये, म्हणजे जिचं रीडिंग वजा करायचं त्या तुलनेच्या ट्यूबमध्ये, कॅल्शियमच नव्हतं, मग तो गढूळपणा वजा कसा होणार?

म्हणून सांगते, कॅल्शियमसाठी फॉस्फेट बफर घेऊच नका. मॉप्स बफर घ्या, ट्रिस बफर ६.९ ला पीएच नीट धरत नाही. कॅल्शियमच्या प्रत्येक मात्रेला तिचा वेगळा, एन्झाइम नसलेला ब्लँक ठेवा. तरी साका दिसलाच तर सेंट्रिफ्यूज करून वरचंच पाणी वाचा. हे अमायलेज क्लोराईडनेही चेततं, त्यामुळे सगळ्या ट्यूबमध्ये भरपूर आणि सारखंच मीठ (सोडियम क्लोराईड) हवं, नाहीतर श्रेय कॅल्शियमला जातं. लाळ घेण्याआधी खळखळून चूळ भरा. मी एकदा भडंग खाऊन लाळ दिली, तर स्टार्च न घालताच रंग आला.

घाबरू नका, हात वाईट म्हणून हे होत नाही. पण उतरवलेल्या प्रोटोकॉलवर माझा आता विश्वास नाही. गाईड निवडताना ते तुमची ट्यूब स्वतः उजेडात धरून बघतात का, एवढं पाहा.

निष्कर्ष लिहितानाही जपून. प्रथिनं पचवणाऱ्या कार्बोक्सिपेप्टिडेजचं झिंक थेट क्रियास्थळी काम करतं. ट्रिप्सिन या दुसऱ्या प्रथिनपाचक एन्झाइमला कॅल्शियम स्वतःलाच पचवण्यापासून वाचवतं. अमायलेजमध्ये ते रचना बांधून ठेवतं. तिन्हींना ‘धातूमुळे क्रिया वाढली’ असं एकाच वाक्यात कोंबू नका. मी शेवटी धातूचे आयन धरून ठेवणाऱ्या ईडीटीएने कॅल्शियम काढलं, डायलिसिसने (पातळ पडद्यातून लहान रेणू बाहेर काढून) ईडीटीए धुऊन टाकलं, तेव्हा क्रिया पडली होती. मॉप्समध्ये कॅल्शियम परत दिलं आणि ती उठली. त्या ट्यूबचा तळ स्वच्छ होता.