पुठ्ठ्याच्या कारखान्यातला पहिला पावसाळा

गोव्यातल्या सत्तरीतून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलो तेव्हा हातात केमिस्ट्रीची पदवी होती आणि पुठ्ठ्याची माहिती शून्य. खोक्यांच्या कारखान्यात शिकण्यासारखं काय असणार, असंही वाटत होतं. ती गुर्मी पहिल्याच जुलैत उतरली.

आधी हिशेब. पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या, खोक्यात तीन सपाट कागद आणि मध्ये दोन नागमोडी फ्लूट. सगळे १२० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅमचे, असले तर नवा माणूस पाच गुणिले १२० म्हणजे ६०० सांगतो. मीही सांगितलं. पण नागमोडीला कागद जास्त लागतो, साधारण १.४ पट. म्हणजे ३६० अधिक ३३६, एकूण ६९६, खळीचं वजन वेगळं. हा गुणाकार चुकला की कोटेशन चुकतं, आणि मालक मशीन बिघडल्यापेक्षा त्यावर जास्त ओरडतो.

बीएफ (बर्स्ट फॅक्टर, कागद दाबाला किती टिकतो त्याचं माप), कॉब हे शब्द आठवडाभरात तोंडात बसतात. बीएफला जीएसएमने गुणून हजाराने भागा: १८ बीएफचा १२० जीएसएम कागद फुटायला दर चौरस सेंटिमीटरला २.१६ किलो दाब लागतो. कॉब म्हणजे ठरावीक वेळात, बहुधा ६० सेकंदांत, कागद किती पाणी पितो ते. गोव्यात मला विचाराल तर बीएफआधी कॉब बघा.

तर तो जुलै. शनिवारी सिंगल फेसरवर, म्हणजे सपाट कागदाला नागमोडी कागद चिकटवणाऱ्या मशीनवर, दोन प्लायचे रोल काढले आणि शटरजवळ ठेवून घरी गेलो. रविवारभर पाऊस. सोमवारी त्यावर गोदामातला, प्लास्टिकात गुंडाळलेला कोरडा लायनर, म्हणजे वरचा सपाट कागद, चिकटवला. संध्याकाळी पाहतो तर शीटांच्या परातीच झालेल्या! खोक्याच्या खाचा कापणाऱ्या स्लॉटरमध्ये एक सरळ जाईना. चारशेच्या आसपास शीट रद्दीत गेल्या.

ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो ते ऑपरेटर काही बोलले नाहीत. कागदाचा तुकडा फाडला, एका बाजूला पाण्याचं बोट फिरवलं. तुकडा नळीसारखा वळला. "नळीची लांबी ज्या दिशेला, तो कागदाचा ग्रेन, तंतूंची दिशा. आता तूच सांग, तू शिकलेला."

सांगता आलं, कारण पुस्तकात होतं. सेल्युलोजचा तंतू ओला झाला की जाडीला फुगतो, लांबीला फारसा नाही. कागदात बहुतेक तंतू मशीनच्या दिशेने पडलेले, म्हणून कागद वाढतो तो आडवा. सुकताना जी बाजू जास्त ओली होती ती जास्त आकसते आणि शीट तिकडे वळते. शिवाय तंतू एकमेकांना धरतात ते हायड्रोजन बंधांनी; दमट हवेत ते सैल होतात. थप्पीतलं तळाचं खोकं पावसाळ्यात बसतं ते त्यामुळेच.

तेव्हापासून दोन्ही थरांचे रील एकाच जागी ठेवायचे, मॉइश्चर मीटर ७-८ टक्क्यांच्या वर गेला तर थांबायचं आणि खळीत पाणी कमी, असा मामांचा नियम.

पुढे शिकायचं असेल तर सहारनपूरला आयआयटी रुरकीचा कागद आणि पॅकेजिंग तंत्रज्ञान विभाग आहे, पॅकेजिंगसाठी मुंबईची भारतीय पॅकेजिंग संस्था. मुलाखतीला जाताना मात्र ६९६ पाठ करून जा. मला तरी तेच विचारलं होतं, दुसऱ्या कारखान्यात.