ब्लड सॅम्पलसाठी जजचं वॉरंट लागतं का? इंदूरवाल्यांनी हे वाचून ठेवा

रात्री विजयनगरला चेकिंगमधे गाडी अडवली आणि ब्लड टेस्टचं नाव निघालं की आपली पोरं आधी म्हणतात, जजचं वॉरंट दाखवा. तो नियम अमेरिकेतला, तिथे सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या मॅकनीली निकालापासून दारू पिऊन गाडी चालवायच्या केसमधे खरीच घाई नसेल तर वॉरंट काढावं लागतं. आपल्या मोटर वाहन कायद्यात या टप्प्यावर जज येतच नाही, म्हणून वॉरंटवरून वाद घालू नका, वेळ आणि डॉक्टर याकडे लक्ष द्या.

आधी फुंकायचं मशीन. त्यात दारू दिसली किंवा फुंकायला नाही म्हणालात आणि अटक झाली, तर कलम २०४ खाली ठाण्यात पोलिस रक्त मागू शकतात, पण काढणार रजिस्टर्ड डॉक्टरच. बाई असेल आणि डॉक्टर पुरुष, तर दुसरी एक बाई तिथे हजर पाहिजेच, हे घरातल्या मुलींना नक्की सांगून ठेवा. पोलिसाने समोर पकडून कलम १८५ मधे, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, अटक केली तर दोन तासांत मेडिकल व्हायला हवं, नाहीतर सोडावं लागतं, त्यामुळे अटकेच्या कागदावर (मेमोवर) अटकेची वेळ बरोबर आहे ना ते बघूनच सही करा. लिमिट १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम. रक्त द्यायला नकार दिलात तर तो कोर्टात तुमच्याविरुद्ध धरला जाऊ शकतो, तब्येतीचं काही खरं कारण असेल तर तिथेच लिहून द्या. आणि एम.वाय. हॉस्पिटलमधे ॲडमिट असाल तर आधी तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळवावं लागतं, त्यांनी उपचाराला धोका आहे म्हटलं की सॅम्पल घेता येत नाही.

दुसऱ्या गुन्ह्यात अटक असेल तर बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ५१, १ जुलै २०२४ पासून लागू. इथेही पोलिसाने सांगितल्यावर डॉक्टर रक्त घेतो, गरजेपुरती जबरदस्तीही चालते, मात्र महिलेची तपासणी महिला डॉक्टरनेच किंवा तिच्या देखरेखीत. काहीजण याच कायद्याचं कलम ३४९ दाखवतात, त्यात फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेट सही, हस्ताक्षर, बोटांचे ठसे आणि आवाजाचा नमुना द्यायला सांगू शकतो, रक्ताचं नाव त्या यादीत नाहीये.

जज खरोखर लागतो तो मूल कुणाचं या भांडणात. तिथे फॅमिली कोर्ट ऑर्डर देतं, पण १९९३ च्या गौतम कुंडू निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की अशी टेस्ट सहज मागितली म्हणून द्यायची नाही, आधी मजबूत आधार दाखवा, आणि रक्त द्यायची बळजबरी करता येत नाही. पण ऑर्डर झाल्यावर नाही म्हणालात तर २००३ च्या शारदा निकालाप्रमाणे कोर्ट त्याचा तुमच्याविरुद्ध अर्थ काढू शकतं. म्हणून टेस्टचा अर्ज आला की वकिलाकडून लेखी उत्तर ऑर्डर व्हायच्या आधीच टाका.