जड स्लग आडवे का लागत होते, शेवटी सापडलं

आमच्या लातूरकडं तुरी निघाल्या की रान मोकळं होतं, तिथं बांधाच्या मातीला टार्गेट लावून मी २५ मीटरवरून .१७७ इंच जाडीच्या छर्ऱ्यांची एअर रायफल मारतो. नेम अजून बसावा म्हणून जड, लांबट स्लग (शिशाच्या गोळ्या) आणले अन् पार वाट लागली, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल भोकाऐवजी कागदावर लांबट चीर पडायची, म्हणजे स्लग आडवा होऊनच लागत होता. स्कोपचे स्क्रू आवळले, बॅरल पुसली, काहीच फरक नाही.

मग बॅरलच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा किती इंचात एक फेरा घेतात ते बघायला क्लिनिंग रॉडला कापड घट्ट बसवून बॅरलमधे घातला, मार्करनं खूण केली अन् हळूहळू ओढला, ८ इंचात अर्धाच फेरा, म्हणजे १६ इंचाला एक. आता बघा, शिसं तेच, जाडी तीच, मग वजन वाढलं की लांबीच वाढणार ना, आणि लांब गोळीला सरळ जायला फिरकी जास्त लागते. अमेरिकेच्या लष्करी एम-१६ रायफलीला ५५ ग्रेन वजनाच्या गोळीसाठी १२ इंचाला फेरा होता, एम-१६ए२ ला लांब गोळ्यांसाठी तो ७ वर आणला.

बॅरल बदलणं परवडत नाही, म्हणून परत ८.४ ग्रेनचे साधे छर्रे घेतले, त्यांच्या मागच्या पोकळ घेरामुळं हवाच त्यांना सरळ धरते. कालचे दहाही छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले, भोकं एकदम गोल.